इन्फ्लुएंझाची लस व इतर श्वसनसंसर्ग : एका वादाची शब्दार्थदृष्ट्या चिकित्सा

१

एका विषाणूविरुद्ध टोचलेली लस दुसऱ्या विषाणूंच्या संसर्गावर काही परिणाम करते काय, हा प्रश्न सकृद्दर्शनी केवळ वैद्यकशास्त्राच्या कक्षेतला वाटतो. परंतु या प्रश्नावर गेल्या काही वर्षांत जो वाद झाला त्यातील मूळ निबंध आणि त्यांवरील प्रत्युत्तरे बारकाईने वाचली असता असे दिसून येते की, मतभेदाचा मोठा भाग निरीक्षणांविषयी नसून ती निरीक्षणे ज्या शब्दांत मांडली गेली त्या शब्दांच्या अर्थाविषयी आहे. आकडे फारसे विवाद्य नाहीत. आकड्यांना दिलेली नावे विवाद्य आहेत. या कारणास्तव भाषेच्या अभ्यासकानेही या वादाकडे लक्ष देणे अप्रस्तुत ठरू नये.

विषयाचे महत्त्व केवळ पुस्तकी नाही. २०२० च्या प्रारंभी कोविड-१९ ची साथ पसरू लागली तेव्हा त्या रोगावर लस नव्हती. इन्फ्लुएंझावर मात्र होती. ‘इन्फ्लुएंझाची लस घेतल्यास कोरोना होण्याचा धोका ३६ टक्क्यांनी वाढतो’ हे विधान त्या काळात अनेक देशांत पसरले. त्याच वर्षीच्या मे महिन्यात निघालेल्या ‘प्लॅन्डेमिक’ या चित्रफितीतही त्याचा उच्चार झाला. वृद्धांनी व दम्याच्या रोग्यांनी लस घ्यावी की न घ्यावी, असा प्रत्यक्ष निर्णय या विधानाशी जोडला गेला होता. विधानाचा आधार म्हणून दाखवला जाणारा शोधनिबंध खरा होता आणि त्यातला आकडाही खरा होता. असे असता विधान खोटे कसे ठरते, याचा उलगडा करणे हा या लेखाचा हेतू आहे.

२

हा निबंध ग्रेग वुल्फ यांचा असून तो ‘व्हॅक्सीन’ या नियतकालिकाच्या जानेवारी २०२० च्या अंकात प्रसिद्ध झाला. अमेरिकेच्या संरक्षण खात्याशी संबंधित व्यक्तींपैकी जे २०१७-१८ च्या हंगामात श्वसनविकाराने आजारी पडून तपासणीस आले, त्यांच्या नमुन्यांत कोणकोणते विषाणू सापडले आणि त्यांपैकी कोणी इन्फ्लुएंझाची लस घेतली होती, यांची त्यात तुलना केली आहे. निबंधाचा मुख्य निष्कर्ष असा की, एकंदरीने पाहता लस आणि इतर श्वसनविषाणू यांच्यात ‘व्यत्यया’चा संबंध जवळजवळ आढळत नाही. तथापि विषाणूंचा एकेक करून विचार केला असता निकाल संमिश्र दिसला. कोरोनाविषाणूंच्या बाबतीत ऑड्स रेशो १.३६ आला, मेटान्यूमोविषाणूच्या बाबतीत १.५१ आला, उलट पॅराइन्फ्लुएंझा आणि आर.एस.व्ही. या विषाणूंच्या बाबतीत लस घेतलेल्यांना संरक्षण मिळाल्याचे दिसले.

येथे पहिली गोष्ट ध्यानात येते ती ही की, निबंधाचा उपयोग करणाऱ्यांनी त्यातून एकच आकडा उचलला. १.३६ हा आकडा प्रमाण मानायचा, तर त्याच पद्धतीने व त्याच नमुन्यांवरून काढलेले पॅराइन्फ्लुएंझा व आर.एस.व्ही. यांचे निकालही प्रमाण मानावे लागतात. मग ‘इन्फ्लुएंझाची लस आर.एस.व्ही.पासून वाचवते’ असेही म्हणणे भाग पडते. असे कोणी म्हटले नाही. ज्या साक्षीदाराची साक्ष अर्धी घ्यायची, त्याची उरलेली अर्धी का टाकून दिली याचे कारण सांगावे लागते. ते कारण कोठेही सांगितलेले आढळत नाही.

तथापि निबंधातील भाषाही निर्दोष नाही. ‘लसजन्य विषाणुव्यत्यय कोरोनाविषाणूशी लक्षणीयरीत्या निगडित होता’ अशा आशयाचे वाक्य त्याच्या सारांशात आहे. ‘लसजन्य’ या विशेषणात लस हे कारण म्हणून आधीच गृहीत धरले आहे. ‘निगडित’ या विशेषणात मात्र केवळ साहचर्य सांगितले आहे. एकाच वाक्यात उद्देश्य कार्यकारणभाव सांगते आणि विधेय तो सांगत नाही. सामान्य वाचक उद्देश्यातले विशेषण सिद्ध मानूनच विधेयाकडे वळतो, हा वाक्यार्थाचा सर्वसाधारण नियम आहे. जे सिद्ध करावयाचे तेच नावात घातल्याने निबंधाच्या सावध निष्कर्षाला त्याच्या स्वतःच्या परिभाषेनेच तडा गेला.

३

आता वादातील प्रमुख शब्द एकेक करून पाहणे इष्ट होईल.

पहिला शब्द ‘कोरोनाव्हायरस’. हे नाव १९६८ साली विषाणुशास्त्रज्ञांच्या एका गटाने सुचवले, ते विषाणूंच्या एका समूहाला उद्देशून. मनुष्यात नेहमी आढळणारे या समूहातील चार विषाणू – २२९ई, एनएल६३, ओसी४३ आणि एचकेयू१ – बहुधा साध्या पडशाला कारण होतात. २०१७-१८ च्या नमुन्यांत जे कोरोनाविषाणू सापडले ते या नेहमीच्या वर्गातले होते; कोविड-१९ चा विषाणू त्या वेळी माणसांत आलेलाच नव्हता. परंतु निबंध छापला गेला जानेवारी २०२० मध्ये. ११ फेब्रुवारी २०२० रोजी जागतिक आरोग्य संघटनेने नव्या रोगाला ‘कोविड-१९’ हे नाव दिले, तरी लोकभाषेत ‘कोरोना’ हाच शब्द रूढ झाला आणि त्याचा अर्थ त्या एकाच विषाणूपुरता, किंबहुना त्या एकाच रोगापुरता मर्यादित झाला. भाषाशास्त्रात ज्याला अर्थसंकोच म्हणतात त्याचे इतके जलद उदाहरण क्वचितच सापडेल. ‘मृग’ या शब्दाचा ‘पशू’ हा व्यापक अर्थ आटून ‘हरीण’ एवढाच उरायला दीर्घ काळ लागला; ‘कोरोना’च्या बाबतीत तेच काम काही आठवड्यांत झाले. निबंध जुन्या अर्थाने लिहिला गेला आणि नव्या अर्थाने वाचला गेला. एकही अक्षर न बदलता विधानाचा विषय बदलला.

दुसरा शब्द ‘फ्लू’. येथे क्रिया उलट दिशेची, म्हणजे अर्थविस्ताराची आहे. वैद्यकात हा शब्द इन्फ्लुएंझा विषाणूंच्या आजारालाच लागू आहे. बोलण्यात मात्र ताप, खोकला व अंगदुखी यांनी युक्त असा कोणताही आजार ‘फ्लू’ होतो. अलीकडे मराठीत ‘व्हायरल’ हे विशेषणही नाम बनून त्याच अर्थाने वावरते. ‘फ्लूची लस घेतली तरी फ्लू झालाच’ ही तक्रार पुष्कळदा या अर्थविस्तारातून जन्म घेते. इन्फ्लुएंझाची लस ऱ्हायनोविषाणूला किंवा मेटान्यूमोविषाणूला आवरू शकत नाही, कारण तिचा रोख त्यांच्यावर नाहीच. ज्या हंगामात लस घ्यायची तोच हंगाम या इतर विषाणूंचाही असल्यामुळे लस घेतल्यानंतर पडसे होणे हा योग वारंवार घडतो. कालक्रमाने मागाहून आलेली गोष्ट आधीच्या गोष्टीमुळेच झाली असे मानण्याचा मोह शब्दाच्या या व्याप्तीमुळे बळावतो.

तिसरा आणि सर्वांत महत्त्वाचा शब्द म्हणजे ज्याचे भाषांतर येथे ‘व्यत्यय’ असे केले आहे तो. विषाणुशास्त्रात एका विषाणूच्या संसर्गामुळे दुसऱ्या विषाणूच्या वाढीला येणारा अडथळा, असा त्याचा अर्थ आहे. प्रकाशलहरींविषयी मराठी पदार्थविज्ञानात ‘व्यतिकरण’ हा शब्द रूढ आहे. त्यात लहरी एकमेकींना वाढवतातही आणि मारतातही. विषाणूंच्या संदर्भात मूळ अर्थ फक्त मारण्याचा आहे. लंडनच्या मिल हिल येथील संस्थेत अ‍ॅलिक आयझॅक्स आणि जाँ लिंडेनमान यांनी १९५७ साली या अडथळ्याचे कारण शोधताना ‘इंटरफेरॉन’ हा पदार्थ उजेडात आणला. त्याचे नावच या शब्दावरून पडले. विषाणू पेशीत शिरला की पेशी हा पदार्थ सोडतात, आणि त्यामुळे आसपासच्या पेशी काही काळ दुसऱ्या विषाणूलाही दाद देत नाहीत.

लसीच्या वादात मात्र हा शब्द दुसऱ्याच गोष्टीला लावला गेला. तेथे ‘व्यत्यय’ म्हणजे लस घेतलेल्यांत इतर विषाणू अधिक आढळणे. मूळ अर्थाने व्यत्यय रोगाला अडवतो. नव्या अर्थाने तो रोग वाढवतो. या दोन अर्थांना जोडणारा दुवा तर्काचा आहे: इन्फ्लुएंझा झाल्यास इतर विषाणूंपासून तात्पुरते संरक्षण मिळते, लसीमुळे इन्फ्लुएंझा होत नाही, म्हणून ते तात्पुरते संरक्षणही मिळत नाही. हा तर्क असंभाव्य नाही. परंतु तो तीन पायऱ्यांचा आहे, आणि प्रत्येक पायरी स्वतंत्रपणे तपासली पाहिजे. एकच शब्द पहिल्या व शेवटच्या पायरीला लावल्यामुळे मधली पायरी वाचकाच्या दृष्टीआड होते.

४

चौथा मुद्दा शब्दाचा नसून लुप्त शब्दाचा आहे. वुल्फ यांच्या निबंधात लस घेतलेल्यांपैकी शेकडा ७.८ आणि न घेतलेल्यांपैकी शेकडा ५.८ जणांत कोरोनाविषाणू आढळले. यातूनच १.३६ हा आकडा येतो. हे वाक्य पूर्ण करायचे तर ‘लस घेतलेल्यांपैकी जे आजारी पडून तपासणीस आले त्यांच्यात’ असे लिहावे लागते. विशेषण गळाले की वाक्याचा अर्थ ‘लस घेतलेल्या सर्व माणसांत’ असा होतो. आजाऱ्यांमधला वाटा आणि निरोगी माणसाला आजार होण्याची शक्यता या दोन निराळ्या राशी आहेत. एका कारणाने होणारा आजार कमी झाला तर उरलेल्या कारणांचा वाटा वाढतो, मग त्या कारणांनी आजारी पडणाऱ्यांची संख्या मुळीच वाढलेली नसली तरीही.

हा दोष नेमका कोठे शिरतो हे समजण्यासाठी संशोधनपद्धतीचा थोडा परिचय आवश्यक आहे. इन्फ्लुएंझाच्या लसीची परिणामकारकता दरवर्षी जिने मोजतात तिला ‘चाचणी-नकारात्मक’ पद्धत म्हणता येईल. श्वसनविकाराने डॉक्टरकडे आलेल्या सर्वांची चाचणी करतात. ज्यांच्यात इन्फ्लुएंझा सापडतो तो रुग्णगट. ज्यांच्यात सापडत नाही तो तुलनागट. दोन्ही गटांतील लसीकरणाचे प्रमाण ताडून पाहतात. आजारी पडल्यावर डॉक्टरकडे जाण्याची सवय ज्यांना आहे असेच लोक दोन्ही गटांत येतात, हा या पद्धतीचा गुण. परंतु तिचा सर्व डोलारा एका गृहीतावर उभा आहे: इन्फ्लुएंझाची लस तुलनागटातील इतर आजारांवर काहीही परिणाम करीत नाही. लसीमुळे इतर विषाणूंचे आजार खरोखर वाढत असतील, तर तुलनागटात लस घेतलेले लोक अधिक येतील आणि लस आहे त्याहून अधिक गुणकारी भासेल. म्हणजे प्रस्तुत प्रश्न केवळ लसविरोधकांच्या सोयीचा नाही. लसीची परिणामकारकता मोजणाऱ्यांनाही तो टाळता येत नाही. ‘असा प्रश्नच विचारू नये’ असे म्हणणारे त्या शास्त्राचा पायाच तपासू नये असे सुचवत असतात.

वुल्फ यांनी प्रश्न विचारला हे योग्यच झाले. दोष पडला तो तुलनागट ठरवताना. कोरोनाविषाणू सापडलेल्यांची तुलना करताना दुसऱ्या बाजूस उरलेले सर्व नमुने ठेवले गेले, आणि त्यांत इन्फ्लुएंझाचे रोगीही राहिले. लस इन्फ्लुएंझा कमी करते. साहजिकच इन्फ्लुएंझाच्या रोग्यांत लस न घेतलेले लोक अधिक असतात. त्यांना तुलनागटात ठेवले की त्या गटात लस न घेतलेल्यांचे प्रमाण फुगते आणि दुसऱ्या बाजूस लस घेतलेले अकारण अधिक दिसू लागतात.

एक काल्पनिक उदाहरण घेतल्यास हे स्पष्ट होईल. समजा, ९०० आजारी व्यक्ती तपासणीस आल्या. त्यांपैकी २०० जणांत ‘क्ष’ हा विषाणू सापडला, ३०० जणांत इन्फ्लुएंझा सापडला आणि ४०० जणांत या दोहोंपैकी काहीच नव्हते. लसीचा ‘क्ष’वर काडीचाही परिणाम नाही असे आपण आधीच ठरवले आहे, म्हणून त्या २०० जणांत लस घेतलेले १०० व न घेतलेले १००, आणि ४०० जणांत २०० व २००. लस इन्फ्लुएंझा निम्म्याने कमी करते. म्हणून ३०० जणांत लस घेतलेले १०० व न घेतलेले २००. आता ‘क्ष’च्या रोग्यांची तुलना त्या ४०० जणांशी केली तर गुणोत्तर बरोबर १ येते, म्हणजे परिणाम शून्य. हीच तुलना इन्फ्लुएंझाच्या रोग्यांसह उरलेल्या ७०० जणांशी केली, तर त्यांत लस घेतलेले ३०० व न घेतलेले ४०० असल्याने गुणोत्तर १.३३ येते. परिणाम नाही हे गृहीत धरूनही ३३ टक्क्यांची वाढ कागदावर उमटली! हा आकडा १.३६ च्या इतका निकट यावा, हा उदाहरणासाठी घेतलेल्या संख्यांचा योग आहे. परंतु दोषाचा आकार केवढा असू शकतो याची कल्पना त्यावरून यावी.

कॅनडातील डॅनुटा स्कोव्रॉन्स्की व त्यांचे सहकारी यांनी २०२० सालीच ‘क्लिनिकल इन्फेक्शस डिसीझेस’ या नियतकालिकात या दोषावर बोट ठेवले. त्यांच्या देशातील निवडक दवाखान्यांच्या जाळ्यातून २०१०-११ ते २०१६-१७ या सात हंगामांत जमलेली माहिती त्यांनी पुन्हा तपासली. योग्य तुलनागट घेतल्यावर इन्फ्लुएंझाच्या लसीमुळे कोरोनाविषाणूंचा अथवा इतर श्वसनविषाणूंचा धोका वाढल्याचे आढळले नाही. त्यापूर्वी २०१३ मध्ये मारिया सुंदरम व सहकाऱ्यांनी विस्कॉन्सिनमधील मार्शफील्ड येथील अनेक हंगामांच्या माहितीवरून हाच निष्कर्ष काढला होता.

तथापि या खंडनालाही मर्यादा आहेत. ‘क्ष’ विषाणूची तुलना इतर बिगर-इन्फ्लुएंझा विषाणूंशी केली आणि लस त्या सर्वांनाच सारख्या प्रमाणात वाढवत असली, तर गुणोत्तर १ च येईल आणि वाढ लपून राहील. ही अडचण टाळण्यासाठी ज्यांच्यात कोणताच विषाणू सापडला नाही अशांशी वेगळी तुलना करावी लागते. पण तीही आजाऱ्यांमधीलच तुलना. निरोगी माणसांतून चिठ्ठ्या टाकून दोन गट पाडावेत, एकास लस व दुसऱ्यास लसीसारखे दिसणारे निरुपद्रवी औषध द्यावे आणि हंगामभर दोघांकडे सारखेच लक्ष ठेवावे, हाच निर्णायक मार्ग होय.

५

असा एक प्रयोग हाँगकाँग येथे झाला होता. बेंजामिन काउलिंग व सहकाऱ्यांनी ६ ते १५ वर्षांच्या ११५ मुलांवर तो केला आणि त्याचा वृत्तांत २०१२ साली प्रसिद्ध झाला. ६९ मुलांना लस व ४६ मुलांना निरुपद्रवी टोचणी देण्यात आली होती. लस घेतलेल्या मुलांत बिगर-इन्फ्लुएंझा विषाणूंच्या संसर्गाचे प्रमाण ४.४० पट दिसले. या प्रश्नावरील अधिक-उणा पुरावा तोलताना हा प्रयोग बाजूस सारता येत नाही, कारण त्यात गट चिठ्ठ्यांनी पाडले होते आणि वुल्फ यांच्या निबंधातला दोष त्यात नव्हता.

परंतु ४.४० या आकड्याच्या जोडीला त्याची विश्वासमर्यादाही वाचली पाहिजे. ती १.३१ ते १४.८ अशी आहे. म्हणजे खरे प्रमाण तृतीयांशाने अधिक असू शकते किंवा जवळजवळ पंधरा पटही असू शकते. प्रयोग इतका लहान होता की, यापलीकडे काही सांगणे त्याच्या आवाक्यात नव्हते. ‘लक्षणीय’ या संज्ञेचा संख्याशास्त्रातील अर्थ ‘केवळ योगायोगाने घडणे असंभाव्य’ एवढाच आहे. ‘मोठे’ किंवा ‘महत्त्वाचे’ असा नाही. मराठीत हा शब्द रोजच्या व्यवहारात दुसऱ्या अर्थाने चालतो, त्यामुळे अनुवादात ही गफलत अधिकच सहज होते.

यापेक्षा महत्त्वाची अडचण यंत्रणेची आहे. वाढीचे स्पष्टीकरण म्हणून निबंधकारांनी तात्पुरत्या सर्वसाधारण प्रतिकारशक्तीचा, म्हणजेच वर सांगितलेल्या तीन पायऱ्यांचा तर्क पुढे केला. पण त्याच प्रयोगात चाचणीने निश्चित झालेल्या हंगामी इन्फ्लुएंझाच्या प्रमाणात दोन गटांमध्ये लक्षणीय फरक आढळला नव्हता. लस घेतलेल्या मुलांचा इन्फ्लुएंझा स्पष्टपणे टळलाच नसेल, तर तो टळल्यामुळे हे संरक्षण हुकले असे म्हणणे कठीण होते. दुसऱ्या पायरीवरच पाय निसटतो.

पहिली पायरी मात्र भक्कम आहे. २००९ च्या साथीत युरोपातील काही भागांत ऱ्हायनोविषाणूंच्या लाटेमुळे नव्या इन्फ्लुएंझाचा प्रसार लांबला असावा, असे स्वीडन व फ्रान्समधील निरीक्षकांनी नोंदवले. ग्लासगो येथील नऊ वर्षांच्या ४४,२३० आजारांच्या नोंदींवरून २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात इन्फ्लुएंझा ‘ए’ आणि ऱ्हायनोविषाणू यांच्यात परस्परविरोधी संबंध दिसला. विषाणू एकमेकांच्या वाटेत येतात, हे आता निराधार अनुमान राहिलेले नाही.

तरीही पहिली पायरी खरी असल्याने तिसरी किती मोठी असेल, याचा अंदाज साध्या गणिताने करता येतो. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राच्या अंदाजानुसार तेथील लोकसंख्येपैकी शेकडा ३ ते ११ जणांना हंगामात लक्षणांसह इन्फ्लुएंझा होतो. शेकडा ८ धरू. लस तो निम्म्याने कमी करते असे धरू. आणि एका आजाराने इतर विषाणूंपासून दोन आठवडे पूर्ण संरक्षण मिळते असे मानू. मग लस घेतलेल्या शंभर जणांत चार आजार टळले, म्हणजे आठ ‘माणूस-आठवड्यां’चे संरक्षण हुकले. हंगाम वीस आठवड्यांचा मानल्यास शंभर जणांचे एकूण दोन हजार माणूस-आठवडे होतात. हुकलेले संरक्षण त्यांच्या अर्ध्या टक्क्याहूनही कमी भरते. लहान मुलांत इन्फ्लुएंझाचे प्रमाण अधिक असते, म्हणून त्यांच्यापुरता हा आकडा दुप्पट-तिप्पट धरला तरी त्यातून ३६ टक्के निघत नाहीत. मग चौपट-पाचपट वाढ निघणे दूरच. तर्क खरा असला तरी तो ज्या परिणामाचा भार वाहायला लावला आहे, तो त्याला पेलणारा नाही.

६

वादाचा आणखी एक दोष असा की, ‘परिणाम’ या शब्दाचा अर्थ दोन्ही पक्षांनी ‘अपाय’ एवढाच धरला. एका रोगाच्या लसीने दुसरे संसर्ग कमी होतात काय, ही प्रश्नाची दुसरी बाजू दुर्लक्षित राहिली. वस्तुतः पुरावा त्याच बाजूला अधिक आहे.

गोवराचे उदाहरण सर्वांत बोलके आहे. गोवराचा विषाणू शरीराच्या प्रतिकारस्मृतीवरच आघात करतो. लस न घेतलेल्या नेदरलँड्समधील ७७ मुलांच्या रक्ताची गोवरापूर्वी व गोवरानंतर तपासणी करून २०१९ साली मायकेल मीना व सहकाऱ्यांनी दाखवले की, इतर रोगांविरुद्ध पूर्वी कमावलेल्या प्रतिपिंडांच्या साठ्यातील ११ ते ७३ टक्के भाग गोवरामुळे नष्ट झाला होता. याच संशोधकाने २०१५ साली लोकसंख्येच्या नोंदींवरून असे मांडले होते की, गोवरानंतर दोन ते तीन वर्षे मुले इतर संसर्गांना अधिक बळी पडतात. तेव्हा गोवराची लस गोवर अडवून, तिचा रोख ज्यांच्यावर नाही अशा संसर्गांपासूनही मुलाचे अप्रत्यक्ष रक्षण करते. हाही लसीचा ‘इतर संसर्गांवरील परिणाम’च होय, त्याला मात्र कोणी ‘लसजन्य’ म्हटल्याचे ऐकिवात नाही.

विषाणूंच्या लसी सोडून जिवाणूंच्या लसींकडे पाहिले तरी शेजारचे दोन पुरावे मिळतात. दक्षिण आफ्रिकेतील सोवेटो येथे शबीर माधी व सहकाऱ्यांनी न्यूमोकॉकस या जिवाणूविरुद्धच्या लसीची परीक्षा घेतली तेव्हा पूर्ण लसीकरण झालेल्या मुलांत श्वसनविषाणूंशी निगडित न्यूमोनियाने रुग्णालयात दाखल होण्याचे प्रमाण ३१ टक्क्यांनी घटल्याचे २००४ साली प्रसिद्ध झाले. लस जिवाणूची, घट विषाणुसंबद्ध आजाराची. याचा अर्थ एवढाच की, जे आजार ‘विषाणूंचे’ म्हणून नोंदले जात होते, त्यांत जिवाणूचाही हात होता. एका आजाराला एकच कारण असते, ही आपल्या नामकरणातली समजूत या निकालाने खोटी पाडली.

याच्या उलट सावधगिरी शिकवणारे उदाहरण बी.सी.जी.चे आहे. क्षयाविरुद्धची ही लस प्रतिकारशक्तीला सर्वसाधारण उत्तेजन देते, अशी आशा होती. रुग्णालयातून घरी परतलेल्या वृद्धांवरील ग्रीसमधील प्रयोगात लस घेतलेल्यांत श्वसनसंसर्ग कमी दिसल्याचे २०२० साली प्रसिद्ध झाले. परंतु आरोग्यसेवकांवरील ‘ब्रेस’ या ३,९८८ जणांच्या आंतरराष्ट्रीय प्रयोगाचा निकाल २०२३ साली आला, त्यात कोविड-१९ पासून संरक्षण आढळले नाही. लहान प्रयोगात अपाय दिसला तेव्हा जी साशंकता ठेवावयाची, तीच लहान प्रयोगात लाभ दिसला तेव्हाही ठेवली पाहिजे. हाँगकाँगच्या प्रयोगाला एक तराजू व ग्रीसच्या प्रयोगाला दुसरा, असे करणे चिकित्सेस शोभणारे नाही.

७

एकंदर चर्चेवरून पुढील निष्कर्ष काढता येतात.

एक : इन्फ्लुएंझाच्या लसीमुळे इतर श्वसनविषाणूंचा धोका वाढतो, या विधानाला आजच्या पुराव्याचा आधार मिळत नाही. ज्या निबंधावरून ते पसरले त्याचा स्वतःचा एकंदर निष्कर्षही तसा नव्हता. आणि त्यातील जो आकडा पुढे केला गेला तो तुलनागटाच्या सदोष निवडीमुळे फुगलेला होता. कोविड-१९ शी तर त्याचा संबंधच नव्हता.

दोन : एका विषाणूविरुद्धच्या लसीचा इतर संसर्गांवर काहीच परिणाम होत नाही, असे सरसकट विधानही टिकत नाही. गोवराच्या बाबतीत असा परिणाम होतो आणि तो हितकारक आहे. म्हणून प्रश्नाचे उत्तर ‘लस’ या जातिवाचक नामाला धरून देता येणार नाही. प्रत्येक लसीपुरते, प्रत्येक विषाणूपुरते व प्रत्येक वयोगटापुरते ते स्वतंत्रपणे द्यावे लागेल. खोट्या विधानाचे खंडन करणाऱ्यांनी घाईत दुसरे सरसकट विधान केले, तर पुढच्या संशोधनात एखादा लहानसा खरा परिणाम आढळताच त्यांची सगळी विश्वासार्हता पणास लागते.

तीन : या विषयावर मराठीत लिहिणाऱ्यांनी परिभाषेबाबत काही पथ्ये पाळणे आवश्यक आहे. विषाणूंमधील प्रत्यक्ष अडथळ्याला ‘व्यत्यय’ म्हणावे, आकडेवारीतील साहचर्याला ‘संबंध’ म्हणावे, आणि दोहोंसाठी एकच शब्द वापरू नये. ‘लस घेतलेल्यांमध्ये’ असे लिहिण्यापूर्वी ते लस घेतलेले सर्व लोक आहेत की त्यांतील आजारी पडून तपासणीस आलेले, हे वाक्यातच सांगावे. वाक्य लांबले तरी चालेल. ‘लक्षणीय’ हा शब्द संख्याशास्त्रीय अर्थाने वापरला असेल, तर त्याच्यासोबत विश्वासमर्यादा द्यावी. आणि ‘कोरोना’ म्हणताना समूह अभिप्रेत आहे की २०२० चा रोग, हे वर्षासह स्पष्ट करावे.

चार : निर्णायक उत्तरासाठी हाँगकाँगच्या प्रयोगाच्या अनेक पटींनी मोठा, चिठ्ठ्यांनी गट पाडलेला व सर्व श्वसनविषाणूंची सारखी तपासणी करणारा प्रयोग हवा. ज्या देशांत इन्फ्लुएंझाची लस सर्वांना देण्याचा प्रघात आहे, तेथे एका गटाला लसीपासून वंचित ठेवणे नीतीला धरून होणार नाही. परंतु अशा ठिकाणी इन्फ्लुएंझाच्या दोन निरनिराळ्या लसींची आपसांत तुलना करून किंवा लस देण्याचा महिना मागेपुढे करून प्रश्नाचा काही भाग सोडवता येण्यासारखा आहे. तोवर ज्यांना इन्फ्लुएंझापासून विशेष धोका आहे अशा वृद्धांनी, गरोदर स्त्रियांनी व जुनाट विकार असलेल्यांनी या वादाच्या भीतीने लस नाकारण्यास उपलब्ध पुराव्यात कारण सापडत नाही.